करकाभाटच्या शिळा

भिलाई, रविवार. बालोदहून धमतरीकडे जाताना करकाभाट लागतं. रस्त्यालगत महापाषाणकालीन दफनभूमी, दगडांच्या राशी, मधूनच उभ्या शिळा. बडोद्याच्या संग्रहालयातली इजिप्तची ममी आठवली. देह टिकावा म्हणून मेंदू काढायचे, नॅट्रॉन क्षारात सुमारे 40 दिवस सुकवायचे. एवढं करून शेवटी काय, तिकीट काढून बघायची वस्तू! इथल्यांनी निदान जागा राखली. बस्तरचे माडिया आदिवासी अजूनही मृतासाठी शिळा उभारतात. आम्ही भिलाईकर मराठी माणसं दहन करतो, अस्थी राजिमच्या संगमावर सोडतो. मागे उरतो भिंतीवरचा हार घातलेला फोटो. पणतवंडांना तो कुणाचा हेही सांगता येणार नाही. मला माडियांची रीत पटते. पण कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये राहणाऱ्या माणसानं शिळा रोवायची कुठे? निवृत्तीनंतर क्वार्टरसुद्धा सोडावं लागतं.