मागून प्यायलेलं पाणी

मी ख्रिस्ती आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आपल्या बैठकीत हे मागाहून कळलं की दोघंतिघं जागेवर चुळबुळ करतात. कुणी 'हालेलुया' म्हणतं. कुणी हसत विचारतं, 'दूध पावडरीवर बाटलात का गव्हावर?' मला राग येत नाही. आला तरी गिळतो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, तेव्हा आमच्या घरात बाप्तिस्मा येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. माझा आजा ते भाषण ऐकायला पायी गेला होता. परत आल्यावर पुढं बरेच दिवस तो कुणाशी धड बोलला नाही म्हणतात. नंतर त्यानं येशूच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांची तसबीर लावली. त्या दोन्ही अजून तिथंच आहेत.

गावानं आमचं महारपण कधी काढून घेतलं नाही. ते काढलं सरकारनं, कागदावरून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं गेलं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. पुढं १९५६ ला शिखांना आत घेतलं, १९९० ला बौद्धांना. आम्ही बाहेर. चुलतभाऊ बौद्ध झाला, त्याला सवलत मिळाली आणि मला दाखल्यावरचं 'ख्रिश्चन' बघून परत पाठवलं. विहिरीवर मात्र आम्हा दोघांना एकाच शब्दानं हाकलायचे. पण आज ते रडगाणं गायचं नाही. आज आयबद्दल लिहायचंय.

आयला वाचता येत नव्हतं. तिचं बायबल कानानं आत गेलं होतं आणि हातातल्या कामातून बाहेर यायचं. रॉकेल पुरावं म्हणून वात बारीक करताना तिला दहा कुमारी आठवायच्या. एकदा तिचे चार आणे हरवले. तिनं दिवा लावून सगळं घर झाडलं, सापडले तेव्हा आळीतल्या बायका गोळा केल्या आणि चहा पाजला. चार आण्यांपायी सहा आण्यांचा चहा. पाळकसाहेब म्हणाले, "अहो, तो दृष्टांत आहे, तसं करायचं नसतं." आय म्हणाली, "मंग त्या बाईनं काय केलं व्हतं?" पाळकसाहेबांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

मी संडेस्कूलचा हुशार पोरगा. वचनं पाठ म्हणून दाखवायची आणि बक्षीस आणायचं. आय ते बक्षीस फळीवर ठेवायची, पण वचनाबद्दल कधी शाबासकी द्यायची नाही.

१९७२ चा दुष्काळ. नगर जिल्ह्याच्या उत्तरेला असूनही कालव्याचं पाणी न पोचलेलं आमचं गाव. रेशनला लाल मिलो, पोरांना सुकडी आणि मोठ्यांना दुष्काळी काम. १९७३ च्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर आय पाट्या टाकायची. मी नऊ वर्षांचा, सुकडीच्या आशेनं मागं मागं. तलाव खणणाऱ्या माणसांना प्यायला पाणी नाही, अशी गंमत. बैलगाडीवर पिंप यायचं. पिंपावरचा माणूस मराठ्यांच्या बायांना तांब्या द्यायचा. आमच्या बायांनी ओंजळ धरायची, तो हात उंच करून धार सोडायचा. निम्मं पाणी कोपरावरून मातीत.

हे तुम्हाला ठाऊकच आहे. यावर आपण कविता लिहिल्यात, भाषणं केलीत. मला सांगायचंय ते पुढचं आहे. त्याच तलावावर मांगवाड्यातल्या बाया होत्या. त्या आमच्याही खाली. त्यांनी ओंजळ धरायची ती आमच्या बायांची झाल्यावर. आमच्या वाड्याची विहीर वेगळी होती आणि तिच्यावर मांगाच्या बाईला पोहरा टाकता येत नव्हता. ही बंदी पाटलानं घातलेली नव्हती. आम्हीच घातली होती. ख्रिस्ती होऊन, दर रविवारी टाळ-मृदंगावर टिळकांची भजनं म्हणून, बाबासाहेबांची तसबीर लावूनसुद्धा.

त्यातली एक बाई आयच्या शेजारच्या रांगेत होती. तिला नाव असणारच, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नव्हतं. 'ती मांगीण' एवढंच. ती रात्री नदीत वाळू उकरून झिरा करायची, वाटी वाटी पाणी भरायची आणि सकाळी मडकं डोक्यावर घेऊन कामावर यायची. बाभळीखाली ओलं फडकं गुंडाळलेलं ते मडकं सगळ्यांना दिसायचं. एकदा तिनं आमच्या आळीतल्या एका म्हातारीला 'घ्या वो घोटभर' म्हटलं होतं, तर म्हातारीनं तिला सगळ्यांदेखत झाडलं. तेव्हापासून ती कुणाला विचारत नव्हती.

एक दिवस पिंपाची गाडी आलीच नाही. बारा वाजले, एक वाजला. आयनं पाटी टाकली आणि मटकन खाली बसली. ओठ पांढरे. मी म्हटलं, "आय, घरी जाऊ." तिनं ऐकलं नाही. ती बाभळीकडं बघत होती. मग उठली, रांग ओलांडून गेली आणि म्हणाली, "बाय, पाणी दे."

ती बाई घाबरली. म्हणाली, "अक्का, माझ्या हातचं? तुमच्या आत्याबाईला कळलं तर?"

"तहान मला लागलीया. आत्याबाईला न्हाय."

बाईनं डेचकीत पाणी घेतलं आणि हात उंच केला, धार सोडायला. सवयीनं. आमच्याशी तिनं तसंच करायचं असतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आयनं डेचकी तिच्या हातातून घेतली आणि तोंडाला लावली. अर्धी प्याली. मग माझ्यापुढं धरली.

आणि मी मागं सरकलो.

मित्रांनो, हे लिहायला मला पन्नास वर्षं लागलीत. नऊ वर्षांचा पोरगा, घसा कोरडा ठाक, डोक्यात येशूची ढीगभर वचनं. आणि पाय मागं. कुणी शिकवलं होतं मला? आयनं दरडावून "पी" म्हटलं. मी डोळे मिटून प्यालो. पाणी गार होतं, वाळूचा वास होता. मग आय म्हणाली, "मावशी म्हण तिला." मी म्हटलं. ती बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

घरी व्हायचं ते झालं. आज्जीनं आठ दिवस आयच्या हातचं खाल्लं नाही. वेगळी चूल मांडली. आळीतल्या बायकांनी विहिरीवर आयला शेवटी उभं केलं. दादा काहीच बोलला नाही. ना आयच्या बाजूनं, ना आज्जीच्या.

त्या रात्री अंगणात पडल्यावर आयनं मला विचारलं, "त्या शोमरोनी बाईची गोष्ट तुला पाठ हाय का?" योहानाच्या चौथ्या अध्यायातली. मी घडाघडा सांगितली. भर दुपार, याकोबाची विहीर, येशू दमून बसलेला, जिच्या लोकांशी यहूदी व्यवहार ठेवत नाहीत अशी बाई पाण्याला येते, येशू तिला जिवंत पाण्याबद्दल सांगतो. आय म्हणाली, "पाळकसाहेब बी हेच सांगत्यात. त्यानं दिलं, त्यानं दिलं. पर आधी त्यानं मागितलं न्हाय का? त्याच्याकडं पोहरा बी नव्हता. तिनंच काढून द्यायचं व्हतं. द्यायला काय लागतंय? पाटील बी देतो, वरून. मागायला लागतंय."

मी पुढं बरंच वाचलं. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपला हौद अस्पृश्यांना खुला केला ते वाचलं. २० मार्च १९२७ चं महाड वाचलं. तळं गोमूत्र-शेणानं 'शुद्ध' केलं तेही वाचलं. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहून ठेवलं होतं, ते १९८९ साली पाचव्या खंडात छापून आलं. धर्म बदलून जात गेली का, असं ते त्यात रोखठोक विचारतात, आणि ख्रिस्ती माणूस अन्यायाविरुद्ध उठत का नाही हेही. त्यांचं उत्तर आमच्या लोकांना आवडणारं नाही. मला ते वाचताना डेचकी आठवली. आयच्या हातातली, आणि मी मागं सरकलो ती.

आमच्या देवळातही मांगवाड्यातली चार घरं आली. ती आली त्याच वर्षी प्रभुभोजनाचा एक पेला जाऊन छोटे छोटे ग्लास आले. आरोग्यासाठी, असं सांगितलं. असेलही. आय म्हणाली, "येशूनं इहिरीवर एवढे गिलास आणले नव्हते."

आता आपलं. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते. आम्ही पोरं मांगवाड्यात सभा घ्यायला गेलो. मी बोललो, जोरात बोललो. सभा झाल्यावर एका घरातून निरोप आला, चहा टाकलाय. आमच्यातला एक जण म्हणाला, "नको नको, आत्ताच झाला." दुसरा म्हणाला, "उशीर होतोय." आणि मी? मी मान हलवली. वाटेत कुणी काही बोललं नाही. 'आत्ताच झाला' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो, सवर्ण मास्तर आमच्या आळीत यायचे तेव्हा. त्याच चालीत, तेच तोंड करून. त्या दिवशी ते आमच्या तोंडातून निघालं. आमच्यात बौद्ध होते, मी ख्रिस्ती होतो, एक जण तर स्वतःला देवधर्म न मानणारा कम्युनिस्ट म्हणवायचा. चहा कुणीच प्यालो नाही.

तुम्ही म्हणाल, यात येशू कशाला? नसला तरी चालेल. मला तो आयकडून मिळाला, तहानेच्या बाजूनं. त्या गोष्टीत पुढं असंही आहे की शोमरोनी लोकांनी त्याला राहा म्हटलं आणि तो दोन दिवस त्या गावात राहिला. जेवला असेल, झोपला असेल. शिष्यांचं काय झालं असेल, हे मला नेहमी वाटतं. त्यांनी काय सांगितलं असेल? आत्ताच झालं?

आय २००४ साली गेली. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मुद्दाम मांगवाड्यात गेलो. आता घराघरात नळ आहे. कुणी कुणाकडं पाणी मागायची गरज उरलेली नाही, आणि कुणी कुणाकडं जातही नाही. मावशी आहे अजून. डोळे गेलेत. मी नाव सांगितलं तर तिनं माझं तोंड हातानं चाचपलं आणि म्हणाली, "अक्काचा का तू?" मी खाली बसलो आणि पाणी मागितलं.

तिचा नातू पळत दुकानात गेला. सीलबंद बाटली घेऊन आला, बूच न उघडलेली, आणि माझ्यापुढं दोन्ही हातांनी धरली. शिकलेला पोरगा आहे. पाहुण्याला आपल्या घरातलं पाणी अडचणीचं नको, एवढं त्याला कळत होतं.

मी म्हटलं, "बाळा, माठातलं दे."

तो आजीकडं बघायला लागला. आजीला दिसत नव्हतं. मग तो भांडं शोधायला आत गेला, आणि आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.