तालीम कुठली?

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला दर दिवाळीत मुलांचा एक किल्ला होतो. २०२४ साली मात्र दोन झाले, आणि दोन्ही अर्धवट राहिले; कारण एका पक्षाकडे माती होती आणि दुसऱ्याकडे मावळे. चौकशी केली तेव्हा कळले, की भांडण शिवकालातले नसून विलायतेतले आहे. माझा मुलगा आर्सेनलचा, तर शेजारच्या बिऱ्हाडातला त्याचा जिवलग मित्र मँचेस्टर सिटीचा. त्या वर्षी १९ मे रोजी इंग्लंडच्या लीगचा शेवटचा दिवस होता. दोन्ही संघांनी आपापले सामने जिंकले. पण सिटीचे गुण भरले ९१ आणि आर्सेनलचे ८९. तेवढ्या दोन गुणांपायी हे दोघे मेपासून दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते!

मी पडलो चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर रंग आणि कुंचला यांखेरीज काही शिकलो नाही. कादंबऱ्या लिहितो त्याही न शिकताच. पण वर्गात कान उघडे ठेवावेच लागतात. हालांड मोठा की साका, मेस्सी मोठा की रोनाल्डो, यावर आमच्या पिंपळे सौदागरातली पोरे तास न् तास तंडत असतात. स्मरणचित्राला मी 'जत्रा' हा विषय दिला, तर जत्रेतल्या माणसांच्या पाठीवर दहाचा आणि सातचा आकडा! २०२२ च्या डिसेंबरात मेस्सीने कतारमध्ये विश्वचषक उचलला, तेव्हा निदान तो वाद तरी मिटेल अशी माझी समजूत होती. पुरावा मिळाला की वाद मिटतो ही मास्तरांची भाबडी कल्पना. या वादात पुरावा म्हणजे सरपण.

मुलांना हसायला मी मोकळा होतो. पण आमच्या घरात अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. आई २०२१ साली गेली, त्यानंतर आम्ही त्यांना कोल्हापूरहून येथे आणले. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत ते दिवसभर बसून असत. बोलणे जवळजवळ बंदच. भूक नाही, गुडघा दुखतो, याच्यापुढे मजल जात नसे. नातू भांडून, डोळे पुसत घरात आला, तेव्हा त्यांनी सहा महिन्यांतला पहिला लांबलचक प्रश्न विचारला :

"आर्सेनल आर्सेनल करतोयस, पण ती तालीम कुठल्या पेठेतली रं?"

ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवे. तेथला फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा आहे. जेथे पैलवान घुमले, त्या लाल मातीच्या हौद्यांच्या नावांनी पोरे चेंडू खेळू लागली : पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. दिवाळी उलटली की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो. पायऱ्या भरून जातात आणि संघांइतकीच त्या पायऱ्यांचीही वाटणी झालेली असते. संघ निवडायचा नसतो. ज्या पेठेत पाळणा हलला, तो आपला संघ. मी मंगळवार पेठेत जन्मलो म्हणून पाटाकडीलचा झालो. चार गल्ल्या पलीकडे जन्मलो असतो, तर त्याच पाटाकडीलला शिव्या घातल्या असत्या. या निष्ठेत माझे कर्तृत्व काय, असे आता वाटते. तेव्हा मात्र रक्तच निळे-पांढरे आहे, असे वाटे.

नातवाने मोबाइलमध्ये पाहून आजोबांना सांगितले, की आर्सेनल १८८६ साली लंडनच्या वूलिच भागात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढली. म्हणून तिच्या बिल्ल्यावर तोफ असते.

"म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यासारखं," अण्णा समाधानाने म्हणाले. पण १९१३ साली तो संघ नदी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "तालीम उचलून नेली? आणि पेठेनं नेऊ दिली?"

हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. २०१३ साली आईला आणि त्यांना घेऊन मी बालेवाडीला गेलो होतो. वाकडवरून गेले, की ते क्रीडासंकुल येथून जवळच. पुणे एफ.सी. त्या हंगामात देशाच्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला. शर्यत चांगली रंगली होती, पण पायऱ्या ओस. अण्णा इकडेतिकडे बघत राहिले. "खेळतायत बरे, पण ह्यांची माणसं कुठायत?" २०१५ मध्ये तो संघ मिटला. त्याच मैदानावर खेळणारा पुणे सिटी २०१९ मध्ये आवरला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. शेजारच्या बिऱ्हाडाचे सामान ट्रकमध्ये चढावे, तसे झाले. येथे आम्हा सगळ्यांचेच सामान तसे चढत-उतरत असते, त्यामुळे कोणी फारसे हळहळले नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आहे. सामना रंगात असताना आई एकदम उभी राहिली आणि पदर खोचून ओरडली, "आरं दे की त्याला! मोकळा हाय न्हवं तो!" आम्ही दोघे तिच्याकडे बघतच राहिलो. शाहू स्टेडियमवर तिला कधी कोणी नेले नव्हते. आमच्या घरातल्या बायका तेथे जात नसत.

आईचे माहेर शिवाजी पेठेत. मामा शिवाजी तरुण मंडळाचा, अण्णा पाटाकडीलचे. भाऊबीजेला मामा येई आणि पाटावर बसल्याबसल्या नव्या हंगामाचा वाद सुरू होई. आपला पुढचा फळीवाला कसा वाऱ्यासारखा पळतो आणि तुमचा गोलकी कसा आंधळा आहे. आई निरांजनाचे ताट धरून उभी. वात सरकवायची, पुन्हा उभी. एका वर्षी शब्दाने शब्द वाढला आणि मामा ओवाळून न घेताच उठून गेला. पुढे दोन भाऊबीजा आला नाही. मी तेव्हा चौथीत होतो. मला वाटले, आपण जिंकलो.

ही हकीकत अण्णांनी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्या दोन्ही पोरांना समोर बसवून सांगितली. मध्ये चिवड्याची परात होती, त्यामुळे दोघांनाही उठता येईना. अण्णा रंगात आले होते. कुठला गोल ऑफसाइड होता, मामा काय बोलला, आपण काय उत्तर दिले, सारे हातवारे करून चालले होते. माझी सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. इतके बोललेले तिने त्यांना कधी ऐकले नव्हते.

तेवढ्यात सिटीवाल्या पोराने विचारले, "आजोबा, मग आजी कुठल्या टीमची होती?"

अण्णांचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ठाऊक असते, तर मी सांगितले असते.

"आमच्याच तालमीची असणार," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "कधी विचारलं नाही बघ."

पोरे चिवडा संपवून खाली गेली. भाऊबीजेच्या सकाळी अण्णांनी मला कोल्हापूरला फोन लावायला सांगितला. मामाला आता कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा करावा लागतो. पलीकडचे सारे आम्हालाही ऐकू येत होते. फराळाची, गुडघ्यांची चौकशी झाली. मग अण्णांनी विचारले, "तुझी बहीण मनातनं कुणाची होती रं? तुमचीच न्हवं?"

मामा पुष्कळ वेळ बोलला नाही.

"आमची?" तो म्हणाला. "आम्ही तर समजत होतो, लगीन झाल्यावर ती तुमच्यात गेली."