बायकांकडचा कॅमेरा

आमच्या घरात कॅमेरा असा कधी नव्हताच. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. एकानं मराठी शिकवलं, दुसरीनं गणित. मिरजेत तीस वर्षं नोकरी केली, घर बांधलं, मुलं मोठी केली. फोटो म्हणजे ईदच्या नव्या कपड्यांत वर्षातून एकदा स्टुडिओत जाणं, मागं रंगवलेला पडदा आणि पुढं बसलेली मुलं. फोटो काढावा की काढू नये, हा वाद आमच्याही घरात होऊन गेला. तो कुणा मौलवींनी मिटवला नाही, पासपोर्टनं मिटवला. मुलांच्या दादीला हजला जायचं होतं आणि फोटोशिवाय पासपोर्ट मिळत नाही. तेव्हापासून दादीचं एक वाक्य ठरून गेलं, ‘गरज के वास्ते चलता.’

अशा घरात २०२३ च्या उन्हाळ्यात आमची लेक बी.कॉम.ची शेवटची परीक्षा देऊन आली आणि म्हणाली, ‘अब्बा, अम्मी, मला कॅमेरा पाहिजे. डीएसएलआर. लग्नाचे फोटो काढायचेत, बायकांकडचे.’

आमच्या लग्नांत काय होतं ते वाचकांना सांगायला नको. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. फोटोग्राफर बायकांच्या बाजूला आला की पदर सावरले जातात, म्हाताऱ्या खुर्ची फिरवून बसतात, नवरीची खाला स्टेजवरून खाली उतरते. अल्बममध्ये मग नवरदेवाचे सगळे दोस्त सापडतात आणि नवरीची सख्खी नानी सापडत नाही. हल्ली पोरी मोबाईलवर फोटो काढतात. पण त्या वर्षी आमच्याच मोहल्ल्यात एका नवरीचा बायकांतला फोटो रुखसतीच्या आधी कुणाच्या तरी स्टेटसवर जाऊन बसला होता. त्यावरून भर मांडवात दोन घरांत भांडण झालं. ते भांडण दादीनं बघितलं होतं. घरी येऊन तिनं नातीला विचारलं, ‘मोबाईल में काढे सो फोटू किधर जाते गे?’

या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्याकडे नव्हतं. लेकीचं म्हणणं एवढंच होतं की मोबाईलमधला फोटो कुठं जाईल ते सांगता येत नाही, पण कॅमेऱ्याचं कार्ड काढून हातात देता येतं. हे आम्हाला पटलं. तेवढ्यात भिशीचा नंबर लागला. बारा बायकांची, महिना तीन हजारांची भिशी. छत्तीस हजार रुपये. हप्त्यावर घ्यायचं नाही, व्याज द्यायचं नाही आणि छत्तीस हजारांच्या पुढं जायचं नाही, हे तिघांत ठरलं.

मग दोन महिने आमच्या घरात कॅमेऱ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. भाचे, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे मित्र, जो येईल तो एक नवीन नंबर सांगून जायचा. कुणी म्हणायचा डीएसएलआरचे दिवस संपले, आता मिररलेस घ्या. ते चुकीचं नव्हतं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडून डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघांनीही तिकडं जोर लावला आणि निकॉनचा डी ३५०० हा नवशिक्यांचा कॅमेरा २०२२ पर्यंत बंदही झाला. पण नवा मिररलेस आणि त्याची बरी लेन्स आमच्या भिशीत बसत नव्हती. उलट जाणते लोक आपले डीएसएलआर विकून मिररलेसकडं वळत होते, त्यामुळं चांगले जुने कॅमेरे स्वस्तात मिळत होते. मोठ्यांच्या गाडीतून उतरलेली सीट आम्हाला मिळणार होती. आमची त्याला हरकत नव्हती.

पण त्यातला कोणता घ्यायचा? मिरज हे सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांचं गाव. आमच्या गल्लीत एक वयस्क कारागीर राहायचे. गप्पांत त्यांना ही अडचण सांगितली. कॅमेऱ्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते म्हणाले, ‘पैले बोलो, बजाएगा कौन? और किधर?’

दोन महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्ही फक्त मेगापिक्सेल मोजत होतो. लेक फोटो कुठं काढणार? बायकांच्या हॉलमध्ये. दाटी, ट्यूबलाईट, कोपऱ्यात पिवळे दिवे, मागं सरकायला जागा नाही. कॅमेऱ्याबरोबर जी साधी १८-५५ ची लेन्स येते तिचं तोंड झूम केल्यावर एफ ५.६ च्या वर उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी न झूम होणारी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. गणिताच्या बाईंनी कागदावर मांडलं. दोन्ही आकड्यांचा भागाकार करून त्याचा वर्ग केला, तर उजेड साडेनऊ पट निघाला. म्हणजे जिथं एका सेकंदाच्या पंधराव्या भागात फोटो काढावा लागेल आणि हसणारी नवरी हलून जाईल, तिथं सव्वाशेव्या भागात काढता येईल. चोवीस मेगापिक्सेल असोत की अठरा, हलका फोटो हललेलाच राहतो. आमचं ठरलं की कॅमेरा साधा घ्यायचा आणि राहिलेला पैसा लेन्सवर घालायचा.

पहिला जोड पाहिला तो कोकणातून आलेला. दिसायला नवा कोरा आणि किंमतही कमी. लेकीनं लेन्सच्या एका बाजूनं मोबाईलची बॅटरी मारली आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले होते. बुरशी. दमट हवेत लेन्स पिशवीत बंद राहिली की ती काचेवर धरते, आणि खोल गेली की काच धुऊनही डाग राहतो. तो जोड आम्ही परत केला.

दुसरा कोल्हापुरात मिळाला. निकॉन डी ३३००, २०१४ साली बाजारात आलेला. विकणारा स्वतः फोटोग्राफर, मिररलेसकडं निघालेला. त्यानं लेकीला सगळं तपासू दिलं. लेन्सचं तोंड एफ १६ पर्यंत बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढला, म्हणजे सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. दोन दिसले, फुंकणीनं गेले. शटर किती वेळा उघडलं, हा आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो असा सहज मिळत नाही. आकडा अकरा हजारांच्या आसपास निघाला. या वर्गातला कॅमेरा लाखभर वेळा तरी चालावा अशी अपेक्षा धरतात. वजन बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या आत आणि पकड लेकीच्या लहान हातात बसणारी. वरच्या चकतीवर ‘गाईड’ नावाची जागा, जिथं कॅमेरा नवशिक्याला एकेक पायरी समजावून सांगतो.

आणि त्या कॅमेऱ्यात वाय-फाय नव्हतं. विकणारा ही उणीव म्हणून चाचरत सांगत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. फोटो आपोआप कुठंही जाणार नाही, हेच तर आम्हाला हवं होतं. एकोणीस हजारांत १८-५५ लेन्ससकट कॅमेरा घेतला.

चूक पुढं झाली. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापणाऱ्या आमच्याकडूनच एका अक्षराची चूक झाली. एका दुकानात ५० मिलिमीटर एफ १.८ ची जुनी लेन्स सहा हजारांत दिसली. नाव निकॉनचंच, काच स्वच्छ. लेकीनं ‘थोडं विचारून घेऊ’ म्हटलं, पण घाई आम्हाला होती. घरी येऊन लावली तर फोकस जागचा हलेना. लेन्सवर ‘एएफ’ लिहिलेलं होतं, ‘एएफ-एस’ नव्हतं. जुन्या ‘एएफ’ लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. निकॉनच्या महागड्या कॅमेऱ्यांत ती असते, डी ३३०० सारख्या साध्या कॅमेऱ्यांत नसते. कॅननचं घेतलं असतं तर ही भानगडच नव्हती, कारण त्यांच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्समध्येच असते. दुकानदारानं लेन्स परत घेतली नाही. विचारलं आम्हीच नव्हतं, त्यामुळं त्याला बोलायला जागा नव्हती.

लेक काही बोलली नाही. हातानं फोकस करायला शिकली. कडं फिरवत न्यायचं. नेम बरोबर बसला की कॅमेऱ्याच्या खिडकीत खाली कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. सरावाला दादी. दादी तांदूळ निवडतेय, दादी तसबीह घेऊन बसलीय, दादी चष्मा शोधतेय. दादी जागची फारशी हलत नाही. फोटो सुंदर यायचे आणि आम्हाला वाटलं, निभावलं.

नोव्हेंबरात शेजारच्या मोहल्ल्यातलं लग्न मिळालं. बायकांकडचे फोटो, पाच हजार रुपये, आणि कबूल केलेली अट एकच, कार्ड नवरीच्या आईच्या हातात द्यायचं. फोटो पुसून टाकले असं सांगणं पुरेसं नव्हतं. पुसलेला फोटो कार्डावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा परत काढता येतो, हे लेकीला माहीत होतं आणि तिनं ते स्वतःहून त्यांना सांगितलं. म्हणून कार्डाची किंमत पाच हजारांतच धरली.

हॉलमधल्या बायका दादीसारख्या बसून राहणाऱ्या नव्हत्या. सहाशे चाळीस फोटोंतले दोनशेच्या वर अंधूक निघाले. शिवाय या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळं ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. दाटीत मागं सरकता येईना आणि निम्म्या बायका चौकटीबाहेर राहिल्या. सगळ्यात वाईट म्हणजे रुखसतीच्या वेळी मुलीला मिठी मारलेली आई. त्या क्षणाचे चार फोटो होते. चारही फोटोंत मागची खुर्ची स्पष्ट होती आणि मायलेकी धुरकट.

परीक्षा पुन्हा देता येते, रुखसत पुन्हा होत नाही. लेक दोन दिवस जेवली नाही. आम्ही तिला समजवायला गेलो तर म्हणाली, ‘मी शिकत होते हे त्यांच्या मुलीच्या लग्नात शिकायला नको होतं.’ आम्ही गप्प बसलो. सहा हजारांच्या लेन्सची घाई तिनं केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः कार्ड आणि अडीच हजार रुपये घेऊन त्यांच्या घरी गेली. आम्ही दोघं मागं. काय झालं ते तिनं लपवलं नाही. नवरीच्या आईनं फोटो बघितले, रुखसतीशी थांबली, म्हणाली, ‘इसमें तो धुक्का पड्या सो दिखता.’ मग अडीच हजार मोजून घेतले. आम्हाला ते मोजून घेणं आवडलं. ‘रहने दे बेटी’ म्हटलं असतं तर ती पोर राहिली असती. पैसे मोजून घेतल्यामुळं ती कामाची माणूस ठरली. निघताना त्या म्हणाल्या, ‘दुसरी का बी तूच काढना. पर धुक्का नको.’

जुनी लेन्स साडेचार हजारांना विकली. दोन कार्डं, जादा बॅटरी आणि फ्लॅश धरून भिशीतले बत्तीस हजार गेले होते, चार उरले होते. साडेआठ झाले. ३५ मिलिमीटर एफ १.८ ची ‘एएफ-एस’ लेन्स वापरलेली नऊ हजारांना मिळत होती. वरचे पाचशे दादीनं बटव्यातून काढून दिले. ही लेन्स या कॅमेऱ्यावर साधारण डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवते आणि दाटीत पुरते. या वेळी नाव लेकीनं वाचलं, मग आम्ही दोघांनी वाचलं.

त्यांच्या दुसऱ्या मुलीचं लग्न २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. रुखसतीच्या फोटोंत मायलेकी स्पष्ट आल्या. कार्ड त्यांच्या कपाटात आहे.

आता नवीनच अडचण आहे. लेकीचं उत्तम काम असं लोकांच्या कपाटांत कुलूपबंद पडलेलं. नवीन गिऱ्हाईक विचारतं, ‘नमुना दाखव’, आणि हिच्याकडं दाखवायला एकही नवरी नाही. हे आम्ही जेवताना बोलत होतो. दादी ऐकत होती. म्हणाली, ‘मेरे दिखा ना. चावल चुनते सो.’

आम्ही म्हटलं, ‘दादी, ते लोकांना दाखवायचेत, चालेल का?’

दादीनं आमच्याकडं असं बघितलं, जसं आम्ही शाळेत फळ्यावर सरळ लिहिलेलं पुन्हा विचारणाऱ्या मुलाकडं बघत असू.

‘गरज है ना बच्ची की?’ ती म्हणाली. ‘गरज के वास्ते चलता.’