उदयभानूचा दिवा

कोंढाण्याची, म्हणजे सिंहगडाची, लढाई 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीची. माघ वद्य नवमी. चंद्र उगवायचा तो मध्यरात्रीच्या सुमारास. मावळ्यांना काळोख हवाच होता. कॅमेऱ्याला मात्र तो चालत नाही. सिनेमाची प्रकाशयोजना करणाऱ्या आमच्यासारख्यांचं काम तिथून सुरू होतं.

आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1923 साली ‘सिंहगड’ केला आणि रात्रीची दृश्यं कृत्रिम दिव्यांवर टिपली. भारतीय सिनेमातला तो पहिला प्रयोग मानतात. शिवाजी महाराज झाले होते स्वतः बाबूराव आणि शेलारमामा व्ही. शांताराम. पुढे 1933 मध्ये शांतारामांनी प्रभातसाठी तोच विषय बोलपटात आणला. 2020 मध्ये ‘तान्हाजी’ आला. दिवे बदलले, पण ते कुणावर पाडायचे ते बदललं नाही. नायकाच्या मागे धूर सोडायचा, पाठीमागून झोत टाकायचा, की त्याच्या खांद्यांची कड उजळते. बाकीचे मावळे सावल्या होऊन धावतात. शेकडो माणसांची लढाई तानाजी आणि मोगल किल्लेदार उदयभानू या दोघांची होते.

कड्यावर दोर नेणारी यशवंती घोरपड सभासदाच्या बखरीत नाही. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या गोष्टीत माणसं भर घालणारच. तक्रार आहे ती उदयभानूच्या दिव्याची. खलनायक म्हणून त्याचा दिवा जमिनीवर, हनुवटीखालून, वर लाल जिलेटिन. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस राक्षस दिसतो. सभासद मात्र तानाजी आणि उदयभानू दोघांनाही महाशूर म्हणतो. बखर 1697 ची, जिंजीत लिहिलेली. राजाराम महाराज तिथं मोगलांशी झुंजत होते, औरंगजेब दक्षिणेतच होता. युद्ध पेटलेलं असताना ज्याला शत्रूचं शौर्य लिहिता आलं, त्याच्याइतकं मन आपल्याला आज, इतक्या निवांतपणी, का दाखवता येऊ नये?

त्या बखरीत ठळक उजेड एकच आहे. गड सर झाल्यावर पागेला आग लावली आणि महाराजांनी ती राजगडावरून पाहिली. मला ही लढाई तशीच उजळायची आहे. आग लागेपर्यंत चेहरे जेमतेम ओळखू यावेत, चढणाऱ्यांचे श्वास ऐकू यावेत. आणि त्या दोघांची गाठ पडते तिथं एकच दिवा, दोघांच्या मधोमध, सारख्या उंचीवर. समोरचा तोलामोलाचा दिसला नाही, तर तानाजी कुणाशी लढताना पडला ते प्रेक्षकाला कसं कळणार?