अर्ध्या तासाचा हक्क

कराड

चि. बाळास,


परवा तुझ्या आईचा फोन आला होता. सुट्टीच्या दिवशीही तू तालमीत एकटा सपाटे मारतोस, दुपारी पोरं आडवी झाली की दोर चढतोस आणि रात्री अंथरुणात कुस्त्यांचे व्हिडिओ बघत बारा वाजवतोस, असं ती काळजीनं सांगत होती. पहाटे चारला वस्ताद उठवणार ते आहेच. तुझ्या जिद्दीचा मला अभिमान आहे, पण हे मला पटलेलं नाही.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचंच बघ. मातीत वाढलेला हा माणूस १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. कमी कुठं पडलो हे त्यांना तिथंच कळलं आणि पुढची चार वर्षं त्यांनी त्यासाठी दिली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. अशी माणसं पाठीशी असायला भाग्य लागतं.

१९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. ती लांबली आणि निसटती हातची गेली. अंगावरचा घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामादबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

ताकद तीच, डाव तेच, फक्त दम परत यायला वेळ मिळाला नाही. त्यांचा तो अर्धा तास दुसऱ्यांनी घेतला. तुझा कोणी घेत नाही, तूच रोज सोडून देतोस, याचं मला फार वाईट वाटतं.

सकाळी तुम्ही हौदा खणता ना? रोज फावड्यानं माती मोकळी केली नाही तर ती दगडासारखी होते आणि पडणाऱ्याचा खांदा जातो. ताक, तेल, हळद घालून मातीला इतकं जपायचं आणि शरीर मात्र वर्षभर तसंच तुडवायचं? सकाळी कुस्ती, मग खुराक, मालिश, झोप आणि संध्याकाळी मेहनत, हा क्रम जुन्या वस्तादांनी विचारानं लावलाय. भारी मेहनतीनं स्नायूंचे धागे तुटतात. ते सांधायचं काम खुराक आणि झोप करतात. रात्रीची पहिली गाढ झोप त्यासाठी सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच तू मोबाइलला देतोस.

शिस्त म्हणजे जास्त मेहनत असं तुम्हा पोरांना वाटतं. खरं अवघड आहे ते अंगात रग असताना दुपारी लंगोट काढून ठेवणं.

आता एवढं कर. रात्री नऊला मोबाइल वस्तादांच्या कपाटात. सुट्टीच्या दिवशी हौद्याकडे फिरकायचं नाही. नदीवर जा, पोह. सकाळी जाग आली की उठायच्या आधी नाडी मोज आणि वहीत लिही. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त पडले, खुराक नकोसा वाटला, पकड सुटायला लागली, तर त्या दिवशी वस्तादांना सांगून मेहनत निम्मी कर. आणि एका हंगामात एकच डाव धर. तुझा ढाक अजून कच्चा आहे. व्हिडिओतले दहा डाव बघून तो पक्का होणार नाही.

हे पत्र वस्तादांना दाखव. त्यांचं मत वेगळं पडलं तर त्यांचंच ऐक. तूप आणि बदाम एसटीनं पाठवलेत, ते घेऊन ये. पुढच्या महिन्यात मी कोल्हापूरला येतोय, तेव्हा नाडीची वही बघीन.

तुझा,
मामा