चकलीने कुणाची चप्पल नेली?

ऑफिसची कॅब मला रात्री साडेअकराला कर्वेनगरच्या चौकात सोडते. गल्लीत खोदकाम चालू आहे (कधी नसतं म्हणा!), त्यामुळे शेवटची तीन मिनिटं पायी. त्या तीन मिनिटांची माझी सिक्युरिटी म्हणजे कॅप्टन आणि चकली. पगार रोज दोन ग्लुकोज बिस्किटं. कुत्र्यांना साखर चांगली नाही हे कळल्यापासून उकडलेलं अंडं. तेवढीच इन्क्रिमेंट!

माझी भाची सीनिअर केजीत आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्या सोसायटीच्या बागेत एक कुत्रा तिच्या मागे धावला, ती पडली, हनुवटीला दोन टाके. चावला नव्हता. पण तेव्हापासून बाईसाहेब खाली उतरायलाच तयार नाहीत. स्कूल व्हॅनपर्यंत कडेवर. शेवटी ताईने फर्मान काढलं, "शनिवारी तुझ्याकडे सोडते. तुझीच दोस्तमंडळी आहेत ना, तूच बघ!"

शनिवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरची माझी बाल्कनी, दोन स्टुलं, वाटीत चुरमुरे आणि लाइव्ह कॉमेंटरी.

"ती शेपटी गोल गोल आहे ना, ती चकली. ती चपला पळवते. फक्त वॉचमनकाकांच्या आणि फक्त डाव्या!"

"का?"

"तिलाच विचार."

कॅप्टन म्हणजे पेन्शनर. वॉचमनकाका राउंडला निघाले की हा पुढे. गेटपाशी बसायच्या आधी स्वतःभोवती तीनदा गोल फिरणार, मग धप्पकन बसणार. भाची खुदकन हसली. मग म्हणाली, "त्याचा कान कुणी खाल्ला?" कानाला छोटी खाच आहे त्याच्या. "तो डॉक्टरकडे जाऊन आलाय, ऑपरेशन झालं, इंजेक्शन घेतलं, त्याची खूण." तिने हळूच हनुवटीला हात लावला.

आणि मग तो प्रश्न आलाच. "मावशी, तो चावतो का?"

"नाही गं" अगदी ओठांवर आलं होतं. बॉसला 'सगळं ऑन ट्रॅक आहे' सांगायची सवय ना! पण समोर दोन टाके दिसत होते.

"चावू शकतो. खाताना, झोपेत, पिल्लं जवळ असली की त्यांना कुणी त्रास दिलेला आवडत नाही."

"मलापण झोपेत नाही आवडत."

तेवढ्यात खाली चकलीने कॅप्टनसमोर पुढचे पाय जमिनीवर पसरले, मागची बाजू वर. हे कुत्र्यांचं 'चल, खेळूया'. मार्क बेकॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये यावर पेपर लिहिलाय. खेळताना जोरात चावल्यासारखं करायच्या आधी किंवा नंतर कुत्री बऱ्याचदा असं वाकतात. म्हणजे 'बाबा रे, मस्करी आहे हं!' आपण खवचट ईमेलच्या शेवटी स्मायली टाकतो, तसंच.

भाची बराच वेळ गप्प. "तो बागेतला कुत्रापण असाच वाकला होता."

मी तिथे नव्हते, काय बोलणार? एवढंच म्हटलं, "मग तू पळालीस तेव्हा त्याला पकडापकडी वाटली असेल." आणि तिला 'झाड' शिकवलं. कुत्रा जवळ आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी, डोळ्यांत बघायचं नाही. पोरीने दिवसभर घरात झाड केलं. फ्रिजपाशी झाड, बाथरूमच्या दारात झाड.

संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, "खाली जाऊया. पण कडेवर."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उतरली. माझं बोट घट्ट धरलेलं, नखं रुतत होती. कॅप्टन सावकाश आला. भाची झाड झाली. त्याने सँडल हुंगली, मोजे हुंगले, एक सणसणीत शिंक दिली आणि गेला आपल्या गेटपाशी.

"मावशी," ती कुजबुजली, "माझ्या मोज्यांना वास येतो का?"

आता रोज रात्री कॅबमध्ये असताना ताईचा फोन येतो. ताई बोलतच नाही, पलीकडून थेट चौकशी: "आज चकलीने कुणाची नेली?"

काल माझी नेली. उजवी.