हंडा, मोटार आणि फिजिक्स

डोक्यावर भरलेला हंडा घेऊन सपाट रस्त्याने दोन किलोमीटर चालत गेलं, तर हंड्याचं वजन पेलणाऱ्या बलाने किती काम केलं? उत्तर आहे शून्य. बल वरच्या दिशेने, चालणं आडवं, दोघांत नव्वद अंशांचा कोन, म्हणून काम शून्य. थोरलीने हा प्रश्न पहिल्यांदा घरात मोठ्याने वाचला तेव्हा दादी पान लावत बसल्या होत्या. टँकरच्या मागे पळण्यात अर्धं आयुष्य गेलेली बाई ती. त्या म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याला एकदा उन्हाळ्यात आमच्या माणात पाठवा."

आम्ही हसलो. पण थोरली हसली नाही, कारण हाच प्रश्न तिचा चुकला होता.

म्हसवडला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश करून द्यायची. घरात शिवणयंत्र चालतं. आम्ही दोघंही दहावीच्या पुढे गेलेलो नाही. त्यामुळे मुलीने डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर आम्ही फी भरली, दुआ केली आणि बाजूला झालो. अभ्यास तिचा, तो आपल्याला काय कळणार, असंच धरून चाललो.

5 मे 2024 ला तिने पहिल्यांदा नीट दिली. निकाल आला तेव्हा जीवशास्त्र चांगलं होतं, रसायन बरं होतं. फिजिक्समध्ये 180 पैकी 25. चाळीस प्रश्न सोडवले, तेरा बरोबर, सत्तावीस चूक. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, म्हणजे 52 उणे 27. ती पात्र ठरली होती, पण जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दुकानात कॉइल वाइंडिंगचं मशीन घ्यायला पैसे बाजूला काढले होते. ते आम्ही एका शहरातल्या क्लासला भरले. दिवाळीनंतर ती घरी आली आणि परत जायला तयार होईना. आम्ही चिडलो. एवढे पैसे, चुलत्यांनी विचारलं तर काय सांगायचं, वगैरे सगळं बोलून घेतलं. ती आठ दिवस आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. त्या आठ दिवसांची आम्हाला अजून लाज वाटते. तिच्या वहीत सूत्रंच सूत्रं होती, रंगीत पेनांनी लिहिलेली, पण एकाही पानावर चित्र नव्हतं. वर्गात प्रश्न विचारायला वेळ नसायचा, एवढंच ती म्हणाली.

वळण आलं ते एका साध्या गोष्टीने. 2024 पासून नीटच्या फिजिक्समध्ये प्रयोगांचा एक भाग आहे : व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, साधा लंबक. स्क्रू गेजवरचा एक प्रश्न तिला सुटत नव्हता आणि ती जेवायला हाक मारायला वही घेऊनच दुकानात आली. चित्र बघून आमच्यातला दुकान चालवणारा म्हणाला, "हा तर मायक्रोमीटर." तारेचं गेज मोजायला तो रोज हातात असतो. आमचा जुना आहे, पूर्ण मिटवला तरी शून्यावर येत नाही, दोन घरं पुढे थांबतो. म्हणून वीस वर्षं आम्ही प्रत्येक मापातून दोन घरं वजा करत आलो आहोत. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पुस्तकात त्याला शून्यत्रुटी म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि थोरलीला कळलं की ती वजा का करायची. तोवर ती "धन असेल तर वजा, ऋण असेल तर अधिक" असं पाठ करत होती आणि परीक्षेत उलटं करत होती.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी दुकानात बसू लागली. आम्ही तिला काही शिकवलं असं म्हणणं खोटं होईल. ती प्रश्न मराठीत सांगायची, आम्ही म्हणायचो, आमच्याकडे असं होतं. तारेची लांबी तीच ठेवून व्यास निम्मा केला तर रोध किती होईल? तिने चटकन 'दुप्पट' लिहिलं होतं. उत्तर चौपट आहे, कारण रोध छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. आम्हाला वर्ग-बिर्ग माहीत नव्हता, पण बारीक तार भरली की मोटार किती लवकर तापते ते माहीत होतं. 'दुप्पट' हा पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. हिशेब केला तर डोळे मिटून ठोकलेल्या उत्तरालाही सरासरी पाव गुण मिळतो : चारातून एकदा चार, तीनदा वजा एक. अर्धवट येणाऱ्याचं नुकसान त्याहून जास्त होतं. कारण चुकीचे पर्याय काढणारा माणूस विद्यार्थी कुठे घसरतो हे ओळखून ते काढतो : वर्ग विसरला तर हे, त्रिज्येऐवजी व्यास घेतला तर ते. थोरलीची सत्तावीस चुकलेली उत्तरं आम्ही एका रविवारी बसून पाहिली. निम्म्याहून जास्त ठिकाणी सूत्र बरोबर होतं.

भाषेचीही एक गंमत लक्षात आली. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत. फोर्स, एनर्जी, पॉवर हे तीन शब्द तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळायचे. कसे मिसळणार नाहीत? आपण घरी तिघांनाही 'ताकद'च म्हणतो. हाताची ताकद म्हणजे बल, अंगात ताकद नाही म्हणजे ऊर्जा नाही आणि मोटारीची ताकद म्हणजे शक्ती, पॉवर. पाच एचपीची मोटार म्हणजे सेकंदाला 3730 ज्यूल. साठ मीटरवरून पाणी उचलायचं आणि निम्मी शक्ती वाया जाते असं धरलं, तर सेकंदाला साधारण तीन लिटर पाणी येतं. हजार लिटरची टाकी साडेपाच मिनिटांच्या आत भरायला हवी. तिने शेजारच्या मळ्यात घड्याळ लावून पाहिलं, सहा मिनिटं लागली. जुनी मोटार आहे, आम्ही म्हणालो. तिला तर आनंदच झाला होता. आंधळी धरणात कृष्णेचं पाणी जिहे-कठापूर योजनेने उचलून आणलं तेही हेच गणित, फक्त आकडे मोठे.

(नीटचा पेपर मराठीतही मागता येतो. तो निवडला की प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेले मिळतात. ही निवड फॉर्म भरतानाच करावी लागते.)

2025 चा रमजान मार्चमध्ये होता, परीक्षा 4 मेला. सहरी आणि फजरनंतरचे दोन तास तिने फक्त फिजिक्सला ठेवले. दुपारी रोज्यात डोकं चालत नाही म्हणायची, मग पत्र्याखाली पडून राहायची. आमच्या पडवीच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक आहे, त्यातून उन्हाचा गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं, कवडसा मात्र गोल. का, असं तिने धाकट्याला विचारलं आणि मग दोघांनी किरणाला आडवा पुठ्ठा धरून मोजलं. भोकापासून 320 सेंटिमीटरवर कवडशाचा व्यास तीन सेंटिमीटर. तेच गुणोत्तर सूर्याच्या पंधरा कोटी किलोमीटर अंतराला लावलं तर सूर्याचा व्यास येतो सुमारे 14 लाख किलोमीटर. पुस्तकात 13.9 लाख आहे. पत्र्याचं भोक बुजवायचं राहून गेलं होतं, ते आता मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग केले होते. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, डोळ्यातून बाहेर जात नाही, हे त्यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलं. युरोपने त्यांना अल्हाझेन या नावाने वाचलं. आपल्याकडे तकरिरींत त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. पत्र्याखाली पुठ्ठा धरून बसलेल्या दोन पोरांना बघताना आम्हाला वाटलं, नाव घेण्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडलं असतं.

परीक्षा साताऱ्यात होती. हिजाब असेल तर तपासणीसाठी साडेबाराच्या आत पोहोचायला सांगतात, म्हणून आम्ही फजर पढूनच निघालो. संध्याकाळी फाटकातून बाहेर येणारी पोरं रडत होती. फिजिक्स फारच अवघड आलं होतं. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्यालाही 720 पैकी 686 गुण होते. आदल्या वर्षी पैकीच्या पैकीवाल्यांची रांग लागली होती. थोरली रडत नव्हती. पंचेचाळीसपैकी चोवीसच केले, ती म्हणाली, बाकीच्यांचं चित्र काढता आलं नाही म्हणून सोडले. आमच्या पोटात गोळा आला, पण या खेपेला आम्ही गप्प बसलो.

14 जूनला निकाल लागला. चोवीसपैकी सतरा बरोबर, सात चूक. फिजिक्स 61. एवढ्याने एमबीबीएस मिळालं नाही. तिसऱ्यांदा बसायचं का, यावर घरात आठवडाभर बोलणं झालं. मामू म्हणत होते बस, दादी म्हणत होत्या पोरीला विचारा. तिने फिजिओथेरपी घेतली. आपल्या राज्यात तीही नीटवरच मिळते. आम्हाला थोडं वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगा. कॉइल वाइंडिंगचं मशीन अजून आलेलं नाही.

मागच्या सुट्टीत ती दादींचा गुडघा किती अंश वाकतो ते मोजत होती. दादींनी हंड्याची जुनी तक्रार पुन्हा काढली. ती म्हणाली, "दादी, हंड्यावर काम शून्य, ते बरोबरच आहे. पण तुमच्या मानेचे आणि पाठीचे स्नायू तो पेलायला आतल्या आत सारखे आखडत असतात. नुसतं उभं राहिलं तरी त्यांत ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते. पुस्तकाने हंड्याचं विचारलं होतं, तुमचं नाही."

दादी म्हणाल्या, "मग तेव्हाच नीट सांगायचं." धाकटा यंदा अकरावीला आहे. तो हे सगळं वहीत लिहून घेत होता, पण चित्र काढायला विसरला, म्हणून बहिणीने वही परत त्याच्यासमोर ठेवली.